मैदान सोडायची किंमत

परवा रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. हा भाचा अमेरिकेत ऑरेगन राज्यात कॉर्व्हालिस नावाच्या गावी शिकायला आहे. इकडचं हवापाणी, आंब्याचा मोहोर, आजीचे गुडघे असं सगळं यथासांग विचारून झाल्यावर स्वारी मूळ पदावर आली. "मामा, आमच्या कॉलेजची टीम अनाथ झाली रे." मी आधी घाबरलोच. मग कळलं की विषय फुटबॉलचा आहे. आपलं फुटबॉल नव्हे, ते अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळतात ते.

त्यानं जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. तिकडे कॉलेजांचे गट असतात, त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. एका गटातली कॉलेजं वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळतात, आणि सामने टीव्हीवर दाखवायचे पैसे गटाला मिळतात आणि सगळ्यांत वाटले जातात. पॅसिफिक किनाऱ्यावरचा याच्या कॉलेजचा गट शंभरहून जास्त वर्षांचा जुना, बारा कॉलेजांचा. २०२२ साली लॉस एंजेलिसच्या दोन बड्या कॉलेजांनी जाहीर केलं की आम्ही दुसऱ्या गटात चाललो, तिथे टीव्हीचे पैसे जास्त आहेत. पुढच्या वर्षी बाकीच्यांची पळापळ झाली. २०२४ च्या हंगामाला बारातली दहा कॉलेजं तीन वेगवेगळ्या गटांत पांगली होती. राहिली दोन. त्यातलं एक भाच्याचं. गंमत म्हणजे पॅसिफिकच्या काठावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठं आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात खेळतात. म्हणजे मांडवीच्या बंदरावर उभं राहून आम्ही कलकत्तेकर म्हणण्यासारखंच झालं की!

अशा सोडून जाण्याला तिकडे दंड असतो. मेरीलँडच्या विद्यापीठाला २०१४ साली गट बदलताना तीन कोटी डॉलरच्या वर रक्कम सोडावी लागली. टेक्सस आणि ओक्लाहोमा ह्या दोघांनी तर ठरल्या मुदतीच्या फक्त एक वर्ष आधी जायचं म्हणून मिळून दहा कोटी डॉलर मोजले. एका वर्षासाठी!

"मग तुमच्या दोघांना काय मिळालं?" मी विचारलं. तो म्हणाला, "कोर्टात जाऊन उरलेल्या गटाचा ताबा मिळवला. आता नवीन कॉलेजं घेऊन गट उभा करतायत. पण मामा, ज्यांच्याशी भांडायची सवय होती तेच गेले ना."

ह्या शेवटच्या वाक्यानं मी दिवसभर अस्वस्थ होतो. मंडळी, तुम्ही म्हणाल रत्नागिरीत बसून ह्याला अमेरिकेतल्या फुटबॉलचं काय पडलंय? पण गट, गटातून बाहेर पडणं, अर्ध्यावर निघून जाणं आणि त्याची किंमत, हे सगळं आपल्याकडे फार आधी होऊन गेलंय. आणि त्यातला एक अगदी छोटा, कुठल्याही पुस्तकात न आलेला प्रसंग माझ्या स्वतःच्या नावावर आहे. तो शेवटी सांगतो. आधी मोठ्यांचे.

आपल्याकडचा सगळ्यात जुना गट म्हणजे मुंबईचा. १८९२ पासून पारशी विरुद्ध युरोपियन असे सामने होऊ लागले. १९०७ साली त्यात हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ साली 'द रेस्ट', म्हणजे उरलेले सगळे, ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो इंडियन असा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. आज धर्मावरून संघ ही कल्पनाच अंगावर येते. पण तेव्हा मुंबईत ह्या सामन्यांना जी गर्दी लोटायची ती रणजी करंडकाला कधीच मिळाली नाही. माझे आजोबा नोकरीसाठी मुंबईला होते. ते म्हणायचे की पंचरंगी सामन्याच्या आठवड्यात ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या आज्या वारायच्या.

ह्या स्पर्धेतून बाहेर पडण्याची जी पहिली गोष्ट मला ठाऊक आहे, ती पालवणकर बंधूंची. आडनावावरूनच कळतं की मूळ गाव आपल्या कोकणातलं. पालवणकर बाळू हा त्या काळातला देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता, नेटमध्ये गोऱ्यांना तासन् तास गोलंदाजी करून तो तयार झाला. जातीनं चांभार. म्हणून हिंदूंच्या संघात घेतल्यावरही मैदानावर सगळ्यांबरोबर, पण चहाच्या वेळी त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात, तंबूच्या बाहेर चहा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यानं शंभराहून जास्त बळी घेतले. तरीही कर्णधारपद काही त्याला दिलं नाही. त्याचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल हेही पट्टीचे फलंदाज.

१९२० साली बाळूला संघातून वगळलं. कर्णधार पै आजारी पडले, तर त्यांच्या जागी विठ्ठलला डावलून दि. ब. देवधरांकडे संघ दिला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम सरळ बाहेर पडले आणि का बाहेर पडलो ते त्यांनी जाहीरपणे सांगितलं. मुंबईभर चर्चा झाली. अंतिम सामन्यापूर्वी समेट होऊन भाऊ परत आले, बाळूला उपकर्णधार केलं गेलं. सामना चालू असताना पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ का होईना, हिंदूंच्या संघाचं नेतृत्व बाळूनं केलं. आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला, आणि जिंकूनही दाखवलं.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण ह्यात सोडून जाणारे आणि किंमत मोजणारे एकच होते. खेळायला मिळणार नाही हा तोटा त्या दोघा भावांचा स्वतःचा होता. दुसऱ्याच्या खिशातून त्यांनी काही दिलं नाही.

आता दुसरी गोष्ट बघा. १९३७ साली मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं आणि पंचरंगी सामने जिमखान्याच्या मैदानावरून तिथे गेले. नव्या स्टेडियमात कुठल्या जिमखान्याला किती जागा, ह्यावरून वाद झाला. हिंदूंच्या जिमखान्याला आपल्या वाट्याला आलेल्या जागा कमी वाटल्या, आणि त्यांनी त्या वर्षी संघच उतरवला नाही. म्हणजे पाचवा संघ आला त्याच वर्षी जुन्यांपैकी एक निघून गेला. स्पर्धा झाली, मुसलमानांचा संघ जिंकला, आणि पुढच्या वर्षी हिंदूंचा संघ परत आला.

भांडण कशाचं, तर खुर्च्यांचं. खुर्चीवर बसणाऱ्यांनी बाहेर पडायचं ठरवलं आणि घरी बसले ते खेळणारे. एखाद्या फलंदाजाचं ऐन भराचं वर्ष असेल ते! क्रिकेटपटूच्या आयुष्यात अशी वर्षं असतात तरी किती?

आणि त्या 'उरलेल्यां'च्या संघाकडून कोण खेळलं? आपले सांगलीचे विजय हजारे. ते ख्रिस्ती, त्यामुळे १९३७ च्या आधी त्यांच्यासारख्याला ह्या स्पर्धेत दारच नव्हतं. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंटनी नाबाद २५० केल्या. फॉलोऑन मिळालेल्या उरलेल्यांच्या संघाचा दुसरा डाव ३८७ चा, त्यात एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. दुसऱ्या टोकाला भाऊ विवेक हजारे उभा होता, त्याच्या २१ धावा, आणि दोघांची भागीदारी ३०० ची. सामना हरले. पण ते मैदानात राहिले म्हणून ३०९ ही संख्या राहिली. असो.

तिसरं बाहेर पडणं १९४० चं. देशात सत्याग्रह चालू, लोक तुरुंगात. हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटायला गेली आणि सल्ला विचारला. गांधीजींनी स्पष्ट सांगितलं की अशा वेळी हे सामने नकोत असं वाटणाऱ्यांशी मी सहमत आहे, आणि धर्मावरून संघ पाडणं हे तर मला मुळातच पटत नाही. त्या वर्षी हिंदूंचा संघ उतरला नाही. नंतर परत उतरला. १९४६ च्या सुरुवातीला शेवटचे पंचरंगी सामने झाले आणि मग ती स्पर्धा कायमची बंद झाली.

बंद झाली ते योग्यच झालं, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण योग्य गोष्टीलाही किंमत असते, ती कुणी तरी भरतेच. ह्या स्पर्धेबरोबर ती गर्दी गेली. नंतर जागा भरून काढायला विभागीय सामने सुरू केले, पण ज्यांच्याशी भांडायची सवय होती तेच गेले होते. (भाच्या, तुझं वाक्य उसनं घेतलं बरं का.)

आता रणजीकडे वळू. १९३४-३५ ला ही स्पर्धा सुरू झाली, आणि इथे गट धर्मावर नव्हे, प्रांतावर. पण आपल्याकडे प्रांत म्हणजे तरी काय? एका मुंबई इलाख्यात मुंबईचा संघ वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा, गुजरातचा वेगळा. वर संस्थानिकांचे वेगळे. नवानगर, होळकर, बडोदा. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली तसे संघही विरले. सी. के. नायडूंचा होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि चारदा करंडक जिंकला. १९५५ नंतर ह्या नावाचा संघच नाही! काठेवाड १९५० ला सौराष्ट्र झाला. अमेरिकेत आज जे पैशानं होतंय ते आपल्याकडे नकाशानं झालं.

आणि ह्याच काठेवाडची ती प्रसिद्ध गोष्ट. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ वर संपला. मग आपले कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी खेळ मध्यंतरासाठी थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद. ४९ चौकार, एक षटकार. तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमनचा, ४५२ नाबाद. म्हणजे बरोबरी करायला नऊ धावा, मोडायला दहा.

काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सांगितलं की आता डाव सोडा, नाही तर आम्ही सामना सोडतो. आणखी दोन षटकं तरी द्या अशी विनवणी झाली. ती मानली गेली नाही. काठेवाडच्या संघानं सामान बांधलं आणि स्टेशनचा रस्ता धरला. सामना महाराष्ट्राला बहाल झाला.

नऊ धावा! दोन चौकार आणि एक एकेरी. आपल्या संघाविरुद्ध जागतिक विक्रम झाला अशी नोंद राहू नये म्हणून ठाकोरसाहेब निघून गेले. आणि झालं काय? पंच्याहत्तर वर्षं उलटून गेली तरी तो सामना आठवतो तो त्यांच्या निघून जाण्यामुळेच. विक्रम होऊ दिला असता तर कोण विचारतंय कुणाच्या गोलंदाजीवर झाला ते? हनीफ महंमदनं १९५९ मध्ये ४९९ केल्या, त्या कोणाविरुद्ध केल्या हे किती जणांना सांगता येईल? मला तर शोधावं लागेल.

पण ठाकोरसाहेबांची अपकीर्ती ही खरी किंमत नव्हेच. खरी किंमत निंबाळकरांनी मोजली. हा माणूस पुढेही जवळजवळ अठ्ठेचाळीसच्या सरासरीनं खेळला, पण एकाही अधिकृत कसोटी सामन्यात त्याला घेतलं नाही. कसोटी न खेळलेल्या माणसाची सर्वोच्च धावसंख्या हा एक विचित्र विक्रम मात्र आजही त्यांच्या नावावर आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कोल्हापुरातच ते वारले, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर आला असताना. म्हणजे तिथेही वेळेच्या जरा आधी. माणसाच्या नशिबाला काय म्हणावं!

ह्याच हंगामात, तीनच महिन्यांनी, पुण्यातच दुसरा सामना झाला. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, उपांत्य फेरी, मार्च १९४९. मुंबईच्या ६५१, महाराष्ट्राच्या ४०७. मुंबईनं फॉलोऑन दिला नाही आणि दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ करून डाव घोषित केला. आता सांगा, महाराष्ट्राला जिंकायला साडेनऊशेच्या वर धावा हव्यात. स्टेशनचा रस्ता धरायला ह्याहून चांगलं कारण काय असेल? पण महाराष्ट्राचा संघ उतरला आणि त्यानं ६०४ धावा केल्या. ३५४ धावांनी हरले. सामना सात दिवस चालला आणि चार डावांत मिळून झाल्या २३७६ धावा, आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यातला तो जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही. हरणाऱ्यांनी केलेल्या १०११ धावांशिवाय तो झालाच नसता.

मला कुणी विचारलं की खेळ म्हणजे काय, तर मी हे दोन सामने शेजारी शेजारी मांडीन आणि गप्प बसेन.

पैशाचा हिशेब राहिला. तोही आपल्याकडे आहे. २०१० साली सहारा समूहानं आयपीएलमध्ये पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला घेतला. तीन हंगाम खेळले. पैशांवरून मंडळाशी वाद, २०१३ च्या मे महिन्यात मंडळानं बँक हमी वटवली, आणि सहारानं स्पर्धेतूनच अंग काढून घेतलं. म्हणजे अमेरिकेसारखं कागदावरचं देणंघेणं इथेही आलं. ते वकील बघून घेतात. पण पुण्यात कुणी तरी दहा वर्षांच्या पोराला त्या संघाचा निळा शर्ट घेऊन दिला असेलच ना? त्या शर्टाची भरपाई कुठल्या कलमाखाली बसते?

आपल्या रत्नागिरीचंही एक त्रांगडं आहे. आपली एसटी मुंबईला जाते, रेल्वे मुंबईला जाते, घरटी एक माणूस मुंबईला असतो, आणि सामना मुंबई विरुद्ध महाराष्ट्र असला तर निम्म्या घरांत मुंबई जिंकावी असं वाटतं. पण क्रिकेटच्या नकाशात आपण महाराष्ट्रात, म्हणजे पुण्याकडे. निवड व्हायची तर घाट चढून जावं लागतं. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ. २०१६ साली एक राज्य एक मत असा निकाल झाला तेव्हा तिघांनी एक मत आळीपाळीनं वापरायची पाळी आली होती, २०१८ साली सुप्रीम कोर्टानं तिघांनाही पूर्ण सभासदत्व परत दिलं. आणि त्या विदर्भाकडे बघा. वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं, पण गट सोडून गेले नाहीत. २०१७-१८, २०१८-१९ आणि परत २०२४-२५, तीनदा रणजी करंडक नेला. आपली रत्नागिरी जेट्सही महाराष्ट्राच्या प्रीमियर लीगमध्ये २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकली. त्या रात्री मारुती मंदिरापाशी वाजलेले फटाके आमच्या गॅलरीत ऐकू आले. मी एकटाच बाहेर उभा होतो, आणि मला मध्या आठवत होता.

आता मध्याची गोष्ट. ही सांगायची की नाही ह्यावर दोन दिवस घालवले. नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात, त्यातल्या काहींना ती ठाऊक आहे, पण माझ्याकडून कुणी ऐकलेली नाही.

१९८७ चा मे महिना. कापणी झालेल्या भाताच्या मळ्यात, कोपरे ठोकून, शेण सारवून केलेल्या खेळपट्टीवर रबरी चेंडूच्या मॅची चालायच्या. आमची वाडी एका शेजारगावच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत पोचली होती. प्रवेश फी एकावन्न रुपये, वर्गणी काढून भरलेली. कर्णधार माझा थोरला चुलतभाऊ, त्याला सगळे भाई म्हणतात. मध्या माझा मावसभाऊ, वय सोळा, सुट्टीला आलेला, आयत्या वेळी एक माणूस कमी पडला म्हणून घेतलेला. मला चेंडू दिसायचा नाही धड, त्यामुळे मी स्कोअर लिहायला.

आणि त्या दिवशी मध्या असा काही खेळला की मी लिहायचं विसरायचो. शेवटच्या दोन षटकांत चौदा धावा हव्या होत्या. मध्या एकसष्टवर नाबाद. भाई एक धाव चोरायला गेला आणि पंचानं त्याला धावबाद दिलं. पंच त्याच गावचा. भाई वाद घालायला लागला, त्यांची माणसं आत आली, कुणी तरी कुणाच्या तरी आईवरून बोललं. आणि मी, एकोणीस वर्षांचा, ज्याला कुणी काही बोललं नव्हतं असा मी, वही बगलेत मारून ओरडलो, "चला रे, उचला सामान! ह्यांच्यात खेळायचंच नाही!"

भाई कदाचित निवळला असता. पण मागून असा आवाज आल्यावर त्याला माघार घेणं जमलं नाही. आम्ही निघालो. टेम्पोत सगळे तावातावानं बोलत होते. मध्या मागच्या फळीला टेकून बॅट मांडीवर घेऊन बसला होता, एक शब्द बोलला नाही.

किंमत सांगतो. एकावन्न रुपये गेले. आमच्या वाडीला त्या स्पर्धेत तीन वर्षं घेतलं नाही, म्हणजे तेव्हा तेरा-चौदा वर्षांची जी पोरं होती त्यांना आमच्या रागाचा दंड बसला. आणि जूनमध्ये मध्याला मुंबईला काकांनी एका कारखान्यात चिकटवलं. कुर्ल्याला, रात्रपाळी. तो पुन्हा कधी मॅच खेळला नाही. नाही तरी तो काही मोठा खेळाडू झाला नसता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण त्या दिवशीच्या बारा चेंडूंचं काय? ते तर त्याचे होते.

आणि खरं सांगू? भाई बाद होता. मी स्कोअरच्या टेबलावरून, क्रीजच्या अगदी सरळ रेषेत बसलो होतो. मला दिसलं होतं. चेंडू दिसत नसला तरी भाईची बॅट रेषेच्या अलीकडे होती एवढं मला दिसलं होतं.

भाच्याचा फोन झाल्यावर संध्याकाळी मी मध्याला फोन लावला. आता तो निवृत्त व्हायला आलाय. बायपास झालीय, डोंबिवलीला असतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी भीत भीत त्या मॅचचा विषय काढला. वाटलं, विसरला असेल. तो पटकन म्हणाला, "एकसष्ट. स्ट्राइक माझ्याकडे होता." मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. मी म्हटलं, "अरे, तेव्हा अपमान झाला असं वाटलं रे."

तर म्हणाला, "अपमान तुमचा झाला होता. माझा काय झाला होता? मी तर खेळत होतो."

ह्याच्यावर मला काही बोलता आलं नाही. मंडळी, तुम्हाला सुचतं का बघा.

ती वही अजून माझ्याकडे आहे. कसरीनं कडा खाल्ल्यात, पण ते पान शाबूत आहे. काल काढून पाहिली. मध्याच्या नावापुढे एकसष्ट लिहिलंय आणि पुढची जागा तशीच कोरी. निघायच्या घाईत मी नाबादची खूणही केली नव्हती. काल केली. आणि खाली भाईच्या नावापुढे 'धावबाद' लिहिलं. भाई हे वाचेल तेव्हा ओरडेल. ओरडू दे. ह्या वेळी मी उठून जाणार नाही.